वास येईल इतक्या जवळ

"ताई, घरच्यांची मिटिंग वरच्या मजल्यावर. जिन्यानं जा, डावीकडची दुसरी खोली."

शाळेच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या गृहस्थांनी हे इतक्या अदबीनं सांगितलं की मी "थँक्यू" म्हणाले आणि खरोखरच जिना चढले.

मला जायचं होतं तळमजल्यावर. तिथं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची मिटिंग होती. वर अल-अनॉनची, पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांची. चाळिशी ओलांडलेली बाई, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, चेहरा उतरलेला, म्हणजे ही कोणाची तरी बायको असणार असं त्यांना वाटलं. त्यांची तशी चूक नाही. मी कोणाची तरी बायको आहेच. फक्त आमच्या घरात पिणारी मी होते.

वर आठ-नऊ बायका होत्या आणि मुलासाठी येणारे एक म्हातारे काका. एकीनं सरकून जागा करून दिली. बोललंच पाहिजे असं काही नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं, म्हणाली. मी तासभर ऐकलं. तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं असतं, म्हणून कोण काय बोललं ते लिहीत नाही. एवढंच सांगते की दारूचा वास किती लांबून येतो याचा त्या खोलीतल्या प्रत्येकीकडे चोख हिशेब होता. कोणाला लिफ्टचं दार उघडताच, कोणाला तो चपला काढत असतानाच.

माझी तोवर पक्की समजूत होती की व्होडकाला वास येत नाही.

मिटिंग संपल्यावर त्या बाईनं माझा हात धरला आणि विचारलं, "मिस्टर किती वर्षं घेतात?" मी म्हटलं, "अकरा." आकडा खरा होता. माणूस खोटा. माझे मिस्टर सोलकढीसुद्धा जपून पितात.

नाव लिहीत नाही. एकतर एएमध्ये छापील मजकुरात नाव न देण्याची परंपराच आहे, आणि दुसरं म्हणजे डोंबिवलीत सासूबाई अजून त्याच सोसायटीत, त्याच बाकावर संध्याकाळी बसतात. एका खासगी कंपनीत मी अकाउंट्स सांभाळते, सीएसएमटीला उतरून चालत दहा मिनिटं. पिण्याची कहाणी लांबवणार नाही. ती बहुतेकांची सारखीच असते, आणि सांगताना मला अजूनही त्यात थोडी मजा येते, ते बरं नाही. पण स्टीलच्या बाटलीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या बाटलीशी येऊन थांबतं.

फोर्टातल्या एका दुकानातून क्वार्टर घ्यायची, काळ्या पिशवीत. दुकानदार माझ्याकडे बघायचाही नाही, ही त्याची सभ्यता. ऑफिसच्या बाथरूममध्ये ती स्टीलच्या पाण्याच्या बाटलीत ओतायची, वर लिंबू पिळायचं, बाटली निम्म्यापर्यंत पाण्यानं भरायची. घाटकोपर गेलं की पहिला घोट. समोर कोणी गवार मोडतंय, कोणी पोथी वाचतंय, कोणी मुलाला फोनवर पाढे म्हणायला लावतंय, आणि मी 'पाणी' पितेय. ठाण्यापर्यंत निम्मी बाटली. एकदा समोरच्या बाईला ठसका लागला. तिनं हात पुढं केला, "पाणी दे गं जरा." बाटली माझ्या मांडीवर उघडीच होती. मी म्हटलं, "मला कावीळ आहे." सगळा डबा गप्प झाला. तिला दुसऱ्या कोणी पाणी दिलं, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका चार-चार बोटं सरकल्या. पुढं दीड महिना त्यांनी मला मोरावळा आणि उसाच्या रसाचे सल्ले दिले.

घरी सासूबाई एकदा म्हणाल्या, "तुझ्या तोंडाला त्या होमिओपॅथीच्या थेंबांसारखा वास येतो." मी तिथल्या तिथं होमिओपॅथी सुरू केली. साबुदाण्यासारख्या गोळ्यांची छोटी बाटली देवघरापाशी आणून ठेवली. आता वाटतं, त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या मला जागा करून देत होत्या.

2022 च्या उन्हाळ्यात सकाळी हात कापायला लागले. चेकवर माझ्या आद्याक्षरांची सही असायची, ती बँकेनं दोनदा परत पाठवली. तेव्हा मी आमच्या फॅमिली डॉक्टरांना सांगितलं. आधी नवऱ्याला नाही, डॉक्टरांना. ते म्हणाले, उद्यापासून बंद असला काही निश्चय करू नका. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, त्यात माणसं दगावतात. ही गोष्ट मला माहीत नव्हती, आणि पुढं भेटलेल्या कित्येकांनाही नव्हती. आठ दिवस दवाखान्यात काढले. सलाइन, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, झोपेसारख्या गोळ्या. ऑफिसात आणि सोसायटीत कावीळच सांगितली. एव्हाना ती घरातलीच झाली होती.

तिथल्या मनोविकारतज्ज्ञांनी खरं तर पुण्याच्या मुक्तांगणचं नाव सुचवलं होतं. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र मराठी माणसाला ठाऊकच असतं. तिथं बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे हे मात्र मला तेव्हा कळलं. पस्तीस दिवस राहायचं. मी लगेच म्हटलं, मुलाचं दहावीचं वर्ष आहे. खरं कारण असं की पस्तीस दिवसांना पुरेल एवढी मोठी कावीळ मला सुचेना. तेव्हा त्यांनी घरी जायच्या कागदावर औषधांच्या यादीत थायमिनच्या, म्हणजे त्या बी-वनच्या, खाली लिहिलं : 'एए मिटिंग, रोज.' मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "आधी एक तर करा."

एएच्या हेल्पलाइनवर फोन उचलणारे सगळे स्वतः सोडलेलेच असतात, हे माहीत नव्हतं. माझी कल्पना कॉल सेंटरसारखी.

"स्वतःसाठी विचारताय, की घरच्या कोणासाठी?"

"मैत्रिणीसाठी."

"बरं. मैत्रिणीला कुठली लाइन सोयीची पडेल, सेंट्रल की वेस्टर्न?"

मुंबईत दारू सोडायचा पहिला प्रश्न हा असतो. त्यांनी मला वीजबिलाच्या पाठीवर सहा पत्ते लिहून घ्यायला लावले. ओपन मिटिंगला कोणीही बसू शकतं, क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःची सोडायची आहे त्यांच्यासाठी, हा फरक सांगितला. "मैत्रिणीला सांगा, फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा, बस एवढीच अट. खरं नाव सांगितलं नाही तरी चालेल. आणि प्यायलेली असली तरी येऊ दे, फक्त त्या दिवशी बोलू नको म्हणावं, ऐक." फोन ठेवताना म्हणाले, "मैत्रिणीची काळजी घ्या हं." माणूस हुशार होता.

पहिल्या पत्त्यावर जे झालं ते वर लिहिलंच आहे. त्या दिवशी अल-अनॉनमधून उतरून सरळ स्टेशन गाठलं. मिटिंग झाली, असं स्वतःला सांगितलं.

दुसरा पत्ता मी मुद्दाम लांबचा निवडला. पश्चिम उपनगरात, चर्चच्या आवारातली खोली, इंग्रजी मिटिंग. डोंबिवलीचं माणूस तिथं भेटणं अशक्य. मुंबईत एएची सुरुवात 1957 ची, आणि जागा मिळतील तिथं, म्हणजे चर्चच्या खोल्यांत, शाळांच्या वर्गांत ती पसरत गेली. इथं छान होतं सगळं. कॉफी, खारी, पंखा नीट चालणारा, दोन बायकाही होत्या. आणि मी पहिल्याच दिवशी बोलले! 'आय अ‍ॅम अ‍ॅन अल्कोहोलिक' हे इंग्रजीत म्हणणं फार सोपं आहे. आपण व्हेजिटेरियन आहोत असं सांगितल्यासारखं वाटतं. मी सुंदर बोलले. थांबायच्या जागा, आवाज खाली आणायच्या जागा, सगळं जमलं. नंतर एकानं येऊन म्हटलं, खूप प्रामाणिक बोललात. मला शाबासकी मिळाल्यासारखं झालं, आणि घरी येताना दादरच्या पुलावर लक्षात आलं की बाटलीचं, काविळीचं, होमिओपॅथीच्या गोळ्यांचं मी काहीच सांगितलं नव्हतं. इंग्रजीत ते कसं सांगायचं हेच मला येत नव्हतं. मराठीत 'मी बेवडी आहे' असं एकदा मोठ्यानं म्हणून बघा, मग कळेल.

तरी मी तिथं सात-आठ वेळा गेले. अडचण झाली ती वेळेची. मिटिंग संपायची नवाला. वांद्रे, दादर, मग तिथून डोंबिवली, घरी पोचायला अकरा. नवरा गॅलरीत उभा. "कुठं होतीस?" "मिटिंगला." हे वाक्य मी अकरा वर्षं खोटं बोलायला वापरलं होतं. क्लायंटची मिटिंग, ऑडिटची मिटिंग, इयर एंडची मिटिंग. आता खरं बोलायची वेळ आली तर शब्दच खर्चून झालेला. तो काही बोलायचा नाही. दार उघडून बाजूला व्हायचा आणि मी जवळून जाताना हळूच श्वास आत ओढायचा. अल-अनॉनच्या खोलीतला तो तास नसता तर मला हे लक्षातही आलं नसतं.

म्हणून तिसरी घराजवळची शोधली. मराठी-हिंदी, वीस-बावीस पुरुष आणि मी. माणसं साधी. रिक्षावाले, बँकेतले एक साहेब, गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा. पण प्रत्येकाच्या कहाणीत बायकोचं मंगळसूत्र विकलेलं. ऐकता ऐकता माझा हात गळ्याकडे जायचा. आपलं तर शाबूत आहे! म्हणजे आपण या यादीतले नसू कदाचित. मनाला पळवाट काढायला एवढं पुरतं. त्यात एका सभासदानं 'अडचण आली तर असावा' म्हणून माझा नंबर घेतला. आधी गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात, मग एके रात्री साडेअकराला 'जागी आहेस?' मी नंबर ब्लॉक केला आणि जाणं बंद केलं. एएच्या बारा पायऱ्या असतात, दारूपासून दूर राहायला एकेक करून चढायच्या. असल्या वागण्याला आतली माणसं 'तेरावी पायरी' म्हणतात हे नंतर समजलं. म्हणजे याला नाव पडावं इतकं ते जुनं आहे. नव्या बाईनं बाईचाच नंबर घ्यावा, स्पॉन्सर, म्हणजे आपल्याला हाताशी धरणारी जुनी सभासद, म्हणूनही बाईच धरावी, असं जुने लोक सांगतात ते उगीच नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगते आहे.

मग ऑनलाइन. कोविडमध्ये मिटिंगा मोबाइलवर गेल्या आणि नंतरही बऱ्याच तिथंच राहिल्या. फक्त बायकांची एक सापडली. नागपूरची एक, गोव्याची एक, दुबईहून जोडली जाणारी एक. मला वाटलं, संपला शोध. लोकल नाही, रात्रीचा उशीर नाही, पुरुष नाहीत, ओळखीचं कोणी नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून ओट्यापाशी स्टुलावर बसायचं, कानात इअरफोन, कॅमेरा बंद. कुकरच्या शिट्ट्या वाजल्या की म्यूट. अडीच महिने मी एकही दिवस चुकवला नाही. बोलायचे सुद्धा. आपलंच बोलतायत असं वाटायला लावणाऱ्या बायका होत्या त्या. ती मिटिंग वाईट नव्हती, हे मुद्दाम लिहिते. त्यातल्या एकीशी अजून बोलणं असतं, आणि जिथं तासाच्या अंतरावर काहीच नाही तिथल्या बाईनं ऑनलाइनच बसावं.

पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्याच स्टुलावर, त्याच मिटिंगमध्ये बसले होते आणि स्टीलची बाटली माझ्या हातात होती. लिंबू पिळलेली. नागपूरची ताई तिच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होती, गळा भरून आला होता तिचा. मी एक घोट घेतला, अनम्यूट केलं, "खूप छान शेअर केलंत ताई" म्हटलं, म्यूट केलं आणि दुसरा घोट घेतला. माझी पाळी आली तेव्हा 'आज एकशे चोवीस दिवस झाले' असंही सांगितलं. पंधरा जणींनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

त्या रात्री मला काही थोर साक्षात्कार झाला असं नाही. फक्त एक अगदी साधी, घरगुती गोष्ट कळली. मी जिथं जाते तिथं माझा वास कोणाला तरी यायला हवा. भाषा, अंतर, शिकलेली माणसं, बायका-पुरुष, हे सगळं त्याच्या नंतर. मी आजवर जी जी मिटिंग 'सोयीची' म्हणून निवडत होते, ती माझ्या बाटलीच्या सोयीची होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हेल्पलाइन. आवाज वेगळा होता.

"स्वतःसाठी, की घरच्या कोणासाठी?"

"माझ्यासाठी." मग एका दमात म्हटलं, "मला बाईशी बोलायचंय आणि मला अशी मिटिंग हवी जिथं कोणीतरी शेजारी बसेल."

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग, "नंबर द्या. दहा मिनिटांत फोन येईल."

सातव्या मिनिटाला आला. खर्जातला, वॉर्डमधून आल्यासारखा आवाज. "आज घेतलीस का? किती? डॉक्टरांनी दारू सोडायची ती गोळी दिलीय का तुला, जिच्यावर प्यायलं की त्रास होतो?" मी नाही म्हटलं. "बरं झालं. हे आधी विचारावं लागतं. हात कापतायत? नाही? कापायला लागले तर मला नाही, डॉक्टरला फोन करायचा. कामावरून सुटून कुठं कुठं थांबते तुझी गाडी?"

मी स्टेशनं सांगितली.

"आणि बाटली कुठं उघडतेस?"

"घाटकोपरला."

"मग ठाण्याला उतर. सव्वासातची मिटिंग. पुलाखाली थांबते मी, निळी छत्री."

दिवाळी तोंडावर होती, पाऊस नव्हता, तरी छत्री होती. साठीच्या पुढची, ठेंगणी, पांढरेशुभ्र केस चापून बांधलेले. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणतात. तीही आमच्यातलीच, तेव्हा बारा वर्षं झाली होती सोडून. पहिल्या भेटीत नमस्कार-चमत्कार काही नाही. "चल," म्हणाली, "आणि माझ्या शेजारी बसायचं. इकडं, डाव्या हाताला. माझं नाक तिखट. रात्रपाळीत वॉर्डबॉय कितव्या पेगवर आहे ते दारातून सांगायचे मी."

महापालिकेच्या शाळेतला तिसरीचा वर्ग. बाकं एवढी बुटकी की गुडघे हनुवटीला लागतात. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, आणि त्याच्या शेजारच्या खिळ्याला, मिटिंगपुरता, बारा पायऱ्यांचा कापडी फलक. अकरा पुरुष, आम्ही दोघी, कधी तिसरी. म्हणजे माझ्या आधीच्या कुठल्याच निकषात न बसणारी मिटिंग. भाषा मराठी, मंगळसूत्र विकणारे इथंही होते, पंखा बंद. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्यानं दहा-वीस टाकायचे, त्यातून वर्गाचं भाडं आणि चहा. चहा कोपऱ्यातल्या गॅसवर तिथलाच एक सभासद करतो आणि निदान महिन्यातून दोनदा दूध लागतं. तळाशी करपलेल्या दुधाचा वास वर्गभर पसरतो. सगळे तोंडं वाकडी करतात. सिस्टर शांतपणे दोन कप पिते.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि 'मी बेवडी आहे' म्हटलं. पुढं काही सुचेना. इंग्रजीतल्या थांबायच्या जागा इथं कामाच्या नव्हत्या. मग सुचलं ते सांगितलं : ठसका लागलेल्या बाईला मी पाणी दिलं नाही. एवढं बोलून बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रिक्षा चालवणारे एक दादा म्हणाले, "कावीळ मी पण सांगायचो. पिवळा दिसायला हळद लावायचो डोळ्याखाली." सगळे हसले, मी पण.

येताना गाडीत सिस्टरला त्या शाळेच्या जिन्याची गोष्ट सांगितली. तिला फार मजा वाटली. म्हणाली, "अगं, मूळ पुस्तक वाच आमचं, 1939 चं. त्यात बायकांसाठी अख्खं प्रकरण आहे, नवरा पीत असेल तर कसं वागायचं ते. नवऱ्यांसाठी नाही. शंभरावर पुरुष बरे झाले म्हणून मुखपृष्ठाच्या आत छापलं होतं." त्याच वर्षी मार्टी मॅन नावाची बाई न्यूयॉर्ककडच्या मिटिंगला जायला लागली, टिकली, आणि पुढं तिनं या आजाराबद्दल लोकांना शहाणं करण्यात आयुष्य घालवलं. तिलाही पहिल्या दिवशी कोणी वरच्या मजल्यावर पाठवलं असेल का, असं मला उगीच वाटत राहिलं.

ठाण्याला उतरण्यात एक गंमत होती. मिटिंग सुटून आठ-पन्नासची स्लो मिळायची, साडेनवाच्या आत घरी. पहिल्या आठवड्यात नवरा दारात उभा राहून श्वास ओढायचा. एका शनिवारी मी त्याला ठाण्याला घेऊन गेले, ओपन मिटिंग होती. तो शेवटच्या बाकावर गुडघे आवळून बसला. परतताना गाडीत म्हणाला, "त्या काकू रोज तुझ्या शेजारीच बसतात?" "हो." त्यानंतर त्यानं दारात तसं करणं बंद केलं. त्याचं काम दुसऱ्या कोणी घेतलं होतं.

फेब्रुवारी 2023. मुलाची प्रॅक्टिकल्स, ऑफिसात ऑडिट. बुधवारी मी फोर्टातल्या त्या दुकानात गेले. सवयीनं. बाथरूम, लिंबू, बाटली. घाटकोपरनंतर दोन घोट. मग ठाणं आलं आणि पाय आपोआप उतरले, हे मात्र खरं. पुलाखाली सिस्टरला चुकवलं, वेलदोडे चावत उशिरा वर्गात गेले आणि दारालगतच्या बाकावर बसले. पाच मिनिटांनी ती उठली, तीन बाकं ओलांडून आली आणि माझ्या डाव्या बाजूला बसली. काही बोलली नाही. चहा झाल्यावर हात पुढं केला. मी पर्समधून बाटली काढून दिली. तिनं ती वर्गाबाहेरच्या मोरीत रिकामी केली, नळाखाली दोनदा विसळली, साधं पाणी भरलं आणि परत दिली. "गाडीत तहान लागेल," म्हणाली. "आणि आजपासून मोज परत. एक."

तसं मोजलं. आधीचे दिवस गेले, असं काही जण म्हणतात. सिस्टर म्हणते ते कुठं जातायत, फक्त आकडा नवा. मुलाची दहावी झाली, त्याच्या निकालाचे पेढे वर्गात वाटले. सासूबाईंना मी जूनमध्ये सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठून देवघरापाशी गेल्या आणि साबुदाण्याच्या गोळ्यांची ती बाटली कचऱ्यात टाकून आल्या. तो विषय आमच्यात पुन्हा निघालेला नाही.

वर्ष पूर्ण झालं की एएमध्ये वाढदिवस करतात. माझा 2024 च्या फेब्रुवारीत झाला. बिल्ला मिळाला, चहावाल्यांनी त्या दिवशी दूध लागू दिलं नाही, नवरा आणि मुलगा दोघंही बुटक्या बाकांवर बसले होते. मी येताना गाडीतल्या पोरीकडून सोनचाफ्याची फुलं घेतली होती, ती सिस्टरच्या हातात ठेवली. ओंजळभर चाफा, आख्खा वर्ग घमघमला. ती फुलं न्याहाळत राहिली, देठ फिरवून बघितला. नाकाशी काही नेली नाहीत.

"वास घ्या ना," मी म्हटलं.

"मला कुठं येतोय वास. कोविड झाला तेव्हापासून काही म्हणजे काही येत नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. कसला येतोय."

मी बघतच राहिले. "आणि तिखट नाक? माझ्या शेजारी बस म्हणालात ते?"

"होतं ना तिखट. मी आत्ता येतोय असं कुठं म्हटलं?"

"मग त्या बुधवारी? तुम्हाला कळलं कसं?"

तिनं एक फूल माझ्या केसांत खोचलं, बाकीची रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि छत्री उचलली.

"तू दाराशी बसलीस ना," म्हणाली. "चल, आठ-पन्नास जाईल."